खोक्यावरचे सीसी

चेनसॉ घ्यायला माणूस दुकानात गेला की त्याच्यापुढे आधी आकडा ठेवतात. आमच्याकडे चेनसॉला सगळे कटरच म्हणतात, मीही तेच म्हणतो. खोक्यावर ठसठशीत अक्षरांत ‘५८ सीसी, २२ इंच’. शेजारच्या फळीवर नावाजलेल्या कंपनीचं मशीन, त्यावर ४५ सीसी, १८ इंच, आणि किंमत चौपट. समजूतदार दुकानदार अशा वेळी गप्प राहतो, गिऱ्हाइकाच्या डोक्यात गणित आपोआप होतं. आमचा दुकानदार मात्र बोलला. म्हणाला, “काका, पैसे रंगाचे द्यायचे की कामाचे?”

हे वाक्य मी विसरलेलो नाही. बाजारात तो भेटला की अजून पहिलं तेच आठवतं.

निसर्ग वादळानंतरचे आठवडे ज्यांनी काढले त्यांना काही सांगायला नको. ३ जून २०२० नंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात कटर बाळगणारा माणूस म्हणजे जहागीरदार. लॉकडाऊनमुळे मजूर आपापल्या गावी, वीज गेलेली ती येईना, त्यामुळे विजेवरच्या कटरचा विचारच नको. घाटावरून येणारे कटरवाले झाडागणिक भाव सांगत होते आणि तो रोज बदलत होता. वाडीत माड आडवे, पोफळी एकमेकींवर, घराच्या पडवीला टेकलेला फणस. अशा वेळी जे मिळालं ते, म्हणजे ते ५८ सीसीचं, घेतलं. नातेवाइकांत अजून एक-दोघे “स्वस्तातलं कशाला घेतलंस?” असं विचारतात. त्यांनी त्या आठवड्यात पुण्याहून एक मशीन पाठवून दाखवायचं होतं.

सुरुवातीला कटर चांगलं चाललं, हेही सांगायला हवं. पोफळी, हातभर जाडीच्या आंब्याच्या फांद्या, शेवगा, सगळं झरझर कापलं. मग एक खोड दिसायला लागली. रेस सोडली तरी मशीन लगेच खाली येईना. बोट काढल्यावरही ते वरच्या सुरात किंचाळत राही आणि मग सावकाश उतरे. कधी रिकामं असताना चेन आपोआप फिरे. मी गाडी उघडून नीट करणारा माणूस आहे, हा आवाज बरा नाही एवढं मला कळत होतं. दुकानात जाऊन सांगितलं. उत्तर आलं, “नवीन आहे काका, मोकळं होईल.” पुन्हा गेलो, तर तिथल्या पोराने स्क्रू ड्रायव्हरने आयडलिंग खाली केलं आणि मशीन परत हातात दिलं. झाकण उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. टू-स्ट्रोक इंजिन रेस सोडल्यावर खाली येत नसेल, तर बहुतेक वेळा ते कुठून तरी चोरटी हवा ओढत असतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि या इंजिनात वंगण पेट्रोलमधूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की तेलही कमी पडलं. अशा वेळी मशीन जोरात चालतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते आतून भाजत असतं. ताबडतोब बंद करा. आयडलिंगचा स्क्रू फिरवून ते लक्षण झाकलं जातं, दुखणं तिथेच राहतं.

माझं बंद पडलं ते रायवळ आंब्याच्या बुंध्यात, चेनची पट्टी निम्मी आत असताना. एक किंकाळी, आणि शांत. दोरी ओढली तर ती जागची हलेना. कुऱ्हाडीने पाचरी मारून पट्टी सोडवली आणि मशीन आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेलं. हा बोटीची इंजिनं करणारा माणूस, दुकानदाराशी त्याचं देणंघेणं काही नाही.

त्याने सायलेन्सर काढला, भोकातून बॅटरी मारली आणि मला बघायला सांगितलं. पिस्टनवर उभे ओरखडे, चमच्याने खरवडल्यासारखे. रिंग जागीच चिकटलेली. मग कार्बोरेटर उतरवला. त्याच्या आणि सिलिंडरच्या मधे एक रबरी नळकांडं असतं, अंगठ्याएवढं. त्याने ते दोन बोटांत वाकवलं तर घडीतून उजेड दिसला. बारीक चीर, नखाएवढी. कार्बोरेटरचा एक स्क्रूही पुरता कसलेला नव्हता. मी जे दोनदा दुकानात जाऊन सांगितलं होतं, ते त्या चिरेतून आरपार दिसत होतं.

मिस्त्री एवढ्यावर थांबला नाही. हातात व्हर्नियर होताच, त्याने सिलिंडरचा व्यास मोजला: ४५.२ मिलिमीटर. पिस्टनची धाव मोजली: ३४. वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. उत्तर आलं साडेचोपन्न. ५८ कुठून आले ते खोकं छापणाऱ्यालाच ठाऊक. खरी गंमत पुढे आहे. त्याच खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत ताकद लिहिली होती, २.२ किलोवॅट. स्टिल कंपनीचं एमएस २५० हे ४५.४ सीसीचं मशीन, त्याची ताकद कंपनी २.३ किलोवॅट देते आणि वजन ४.६ किलो. म्हणजे छापील शब्दावर विश्वास ठेवला तरी ‘मोठं’ मशीन ‘लहान’ मशीनपेक्षा कमीच भरत होतं. वर अंगावर जास्त वजन. हे दुकानात उभ्या उभ्या कळण्यासारखं आहे, फक्त सीसी सोडून किलोवॅट वाचायचे.

नळकांडं आणि वही घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने नळकांड्याकडे पाहिलंच नाही. “तेल कमी पडलंय,” म्हणाला. मी सांगितलं, पुस्तिकेत एकास पंचवीस लिहिलंय, लिटरला ४० मिली, आणि मोजायला बाटलीही तुम्हीच दिलेली. मग म्हणाला, पावसात वापरलंत. मग म्हणाला, पट्टी अडकवलीत. शेवटी म्हणाला, वॉरंटी इंजिनला नसतेच. तर मग ती नेमकी कशाला असते, खोक्याला? हे मी त्याला विचारलं. चार गिऱ्हाइकं उभी होती, तो आत निघून गेला. इतकी वर्षं खतं, औषधं, पाइप सगळं त्याच्याकडूनच घेत होतो, त्याचा एवढाच मान राहिला.

उरलेली झाडं कापायला कोल्हापूरकडचा एक कटरवाला आला. त्याच्याकडे सत्तर सीसीच्या वर्गातलं जुनं धंद्याचं मशीन, रंग उडालेला, हँडलला चिंध्या गुंडाळलेल्या. ज्या बुंध्यात माझं बसलं, त्याचे त्याने चहा निवायच्या आत दोन तुकडे केले. पण मी वेगाकडे पाहत नव्हतो. पेट्रोल भरायला तो बसला की मी त्याचं मशीन न्याहाळत होतो. इंजिनचा सांगाडा मॅग्नेशियमचा, पोकळ प्लास्टिकचा नव्हे. हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंगा, त्यामुळे संध्याकाळी बोटं बधिर होत नाहीत. माझी रात्री भाकरी मोडताना थरथरत होती. चेनला तेल किती जावं याचा स्क्रू वेगळा. दोरी ओढताना दाब सोडायची लहानशी कळ. पट्टीचे नट झाकणातच अडकून राहतात, गवतात पडून हरवत नाहीत. फिल्टर पान्याशिवाय निघतो, म्हणून तो प्रत्येक टाकीला झटकला जातो. महाग मशीनचे पैसे या असल्या गोष्टींत गेलेले असतात. रंगात नव्हे.

तरी सगळ्यांनी धंद्याचं मशीन घ्यावं असं मी म्हणणार नाही. स्टिलचं एमएस ३८२ घ्या: ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, पट्टी-चेन सोडून ६.२ किलो. पैसे पन्नास हजारांच्या पुढे. वर्षातून चार फांद्या आणि थोडी फाटी करायची असतील तर हे घेऊन ठेवणं म्हणजे पैसा पेटीत कोंडणं, शिवाय नवख्याच्या हातात ते धोक्याचं. रोज लाकूड कापून पोट भरणाऱ्याने ते घ्यावं, त्याचं वसूल होतं. वाडी-बागायतवाल्याला मधला वर्ग पुरतो, ४५ ते ५० सीसी, १६ किंवा १८ इंची पट्टी. हे खोक्यावरच्या ५८ पेक्षा ‘लहान’ दिसतं, पण साल-दरसाल चालतं.

अजून एक घोटाळा लोक करतात. नाव मोठं म्हणजे मशीन मोठं असं नसतं. नावाजलेल्या कंपन्यांची घरगुती मशीनंही असतात. स्टिलचं एमएस १८० हे ३१.८ सीसीचं आहे, छाटणीला उत्तम. कुणी ते फणसाच्या बुंध्यात घालतो आणि मग “ब्रँडेडमध्येही काही राम नाही” म्हणत फिरतो. आणि स्टिलचा नारिंगी-पांढरा रंग दिसला म्हणून भुलू नका. हुबेहूब रंगाची, नावात एखादं अक्षर फिरवलेली नकली मशीनं बाजारात पुष्कळ आहेत. निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर ते ओरिजिनल नाही.

मग पाच-सात हजारांचं कधीच घेऊ नये का? घ्या, पण हिशोब करून. फांद्यांपुरतं, बिघडलं तर फेकून देण्याच्या तयारीने. घरी आणल्या आणल्या झाकण काढून कार्बोरेटरचे, सायलेन्सरचे स्क्रू कसा. रबरी नळकांडं वाकवून बघा. सोबत आलेली चेन खुंटीला टांगा आणि चांगली घ्या. सोबतच्या चेनचं पोलाद मऊ असतं, धार तासाभरात जाते. निम्मी सुधारणा त्या एका चांगल्या चेनने होते.

कारण कापते ती चेन, इंजिन नाही. धारदार चेन लाकडाच्या चिपा उडवते. पीठ पडायला लागलं की थांबा. दाबू नका, दाबण्याने पट्टी आणि क्लच दोन्ही जळतात. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंशांचा, आणि प्रत्येक दाताला सारखेच हात. दोन्ही बाजूंचे दात कमीजास्त झाले की काप वाकडा जातो. दातापुढचा उंचवटाही अधूनमधून सपाट कानशीने उतरवावा लागतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं आणि मग “धार लावली तरी चावत नाही” अशी तक्रार. माड कापणाऱ्यांनी तर कानस खिशातच ठेवावी. माडाचा बुंधा बाहेरून दगड, आत काथ्या. धार तर जातेच, काथ्या झाकणात ठासून बसतो आणि तेलाचं भोक बुजतं. प्रत्येक माडानंतर झाकण उघडून साफ करायचं. सुरूचं लाकूडही असंच चेनखाऊ.

आता गोष्ट पेट्रोलची. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं आणि आमच्या हवेत ओलावा कमी नाही. मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्यावर ठेवू नका. मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करून, आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवा, नाहीतर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. तेल टू-स्ट्रोकचंच, चांगलं, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात. चेनच्या टाकीत गाडीचं काढलेलं काळं तेल ओतण्याची पद्धत सर्रास आहे. त्यात लोखंडाची पूड असते, ती पंप खाते. आणि तेल मोजलेल्या बाटल्यांचे फोटो काढून ठेवा, बिलासकट. मी हे चेष्टेने म्हणत नाही.

दुकान निवडताना मशीन मागू नका, सुटे भाग मागा. “या मॉडेलचं कार्बोरेटरचं रबर द्या, क्लचची स्प्रिंग द्या.” समोरून काढून दिलं तर पुढचं बोला. “मागवून देतो” म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. दुरुस्ती दुकानात होते की मशीन पुण्याला जातं, हे लिहून घ्या.

बाकीचं सगळे सांगतात तेच आहे: डोळ्याला चष्मा, कानाला बोळे, पायात बूट, खांद्याच्या वर कटर उचलायचं नाही, पट्टीचं टोक लाकडात खुपसायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. चेनचा ब्रेक चालतो का हे रोज बघायचं. साठ हजारांचं मशीन लुंगी नेसून चालवणारेही मी पाहिले आहेत. झाड उभं असेल तर परवानगीचं आधी बघा. आंबा, फणस, साग यांना १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो, झाड आपल्या सातबाऱ्यातलं असलं तरी.

माझं ते मशीन मिस्त्रीने नवा सिलिंडर-पिस्टन आणि दुसरं नळकांडं घालून चालू केलं. सामान त्याने मुंबईहून मागवलं, खर्च मशीनच्या निम्म्यावर गेला. रेस सोडली की आता ते झटकन खाली येतं. दुकानदाराने मध्यंतरी कुणाकडून तरी निरोप पाठवला, जुनं द्या, नवं कमी करून देतो म्हणून. मी उत्तर पाठवलेलं नाही. खतंही आता खेडहून आणतो, गाडीभाडं पडतं ते पडू दे.