घड्याळात बारा, अंगात साडेदहा

आम्ही पुण्याची माणसं. एप्रिलात पारा ३९ वर गेला तरी टोपी चढवून भाजी आणायला जाणारी. त्यामुळे फुकेतला ३३-३४ अंश असतात हे वाचल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे आपण गारव्यालाच चाललोय की." मीही हसले. आमची चूक तिथेच, पुण्यातल्या सोफ्यावर सुरू झाली.

थोरली सहा वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, सोबत सासूबाई. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं, कारण ते स्वस्त होतं आणि मुलं झोपतील असं वाटलं. मुलं झोपली नाहीत. १३ एप्रिलला सकाळी उतरलो, साडेनऊपर्यंत कारोनच्या किनाऱ्याजवळच्या हॉटेलात पोचलो, तर खोली दुपारी दोनला मिळणार. सामान लॉबीच्या कोठीत ठेवलं आणि साडेचार तास काय करायचं म्हणून समुद्रावर गेलो. समोर निळंशार पाणी दिसत असताना लॉबीत कोण बसणार?

आता घड्याळाबद्दल. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तिथल्या घड्याळात बारा वाजले तेव्हा आमच्या अंगात साडेदहाच वाजले होते. कुणाला भूक नव्हती, आणि "ऊन डोक्यावर आलं, आता आत चला" असं सांगणारी आपली आतली सवयही गप्प होती. वर ऊन मात्र अक्षरशः डोक्यावर. पुण्यात शून्य सावली दिवस मेच्या मध्याला येतो, तेव्हा मुलं सोसायटीच्या गच्चीवर बाटल्या उभ्या करून सावली गायब झालेली बघतात. फुकेत विषुववृत्ताच्या बरंच जवळ, ८ अक्षांशाच्या आसपास. तिथे तो दिवस एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच येतो. म्हणजे आम्ही वर्षातल्या सगळ्यात उभ्या उन्हात, सगळ्यात वाईट वेळी, रात्रभर न झोपलेलं बाळ घेऊन वाळूत बसलो होतो. छत्री होती, पण वाळूवरून आणि पाण्यावरून उसळून येणाऱ्या उन्हाला छत्री काय करणार?

पुण्याच्या सवयीचा तिथे उपयोग नसतो, हे मला नंतर कळलं. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. फुकेतच्या दमट हवेत तो उडतच नाही, नुसता ओघळतो. पाणी जातं आणि गारवाही मिळत नाही. त्यात लहान मुलांच्या अंगाचा पसारा वजनाच्या मानाने मोठा, म्हणून ती बाहेरची उष्णता लवकर ओढून घेतात. घाम त्यांना कमी येतो. आणि सव्वा वर्षाचं पोर 'तहान लागली' म्हणत नाही, नुसतं किरकिरतं. किरकिरलं की आपण म्हणतो, झोप आलीय.

मीही तेच म्हटलं. त्याला बाबागाडीत निजवलं आणि ऊन लागू नये म्हणून वरून माझी ओढणी पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचून. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. बाबागाडी अशी झाकली की आतली हवा कोंडते आणि तापत जाते. ओढणी पातळ होती, सुती होती, तरीही. वीसेक मिनिटांनी सासूबाईंनी सहज हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हा तापलाय. आणि असा लुळा का पडलाय?"

चेहरा लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. उचलल्यावर रडला, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. थर्मामीटर होता, १०२.८ दाखवत होता. मी पर्समधलं तापाचं औषध पाजलं, त्याने ते ओकून टाकलं. पोटात राहिलं असतं तरी फरक पडला नसता. संसर्गाचा ताप आणि बाहेरच्या उष्णतेने चढलेलं अंग या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरीवर तापाचं औषध चालत नाही. तिथे कपडे काढणं, सावली, ओलं फडकं आणि वारा, एवढंच चालतं. ओआरएसची पाकिटं? होती की, सहा. हॉटेलच्या कोठीतल्या मोठ्या बॅगेत, कुलपात.

टॅक्सी मिळाली आणि लगेच अडकली, कारण १३ एप्रिल म्हणजे सोंगक्रान, थाई नववर्ष. शब्द आपल्या संक्रांतीचाच भाऊ. रस्त्यावर दोन्हीकडून माणसं बादल्या आणि पिचकाऱ्या घेऊन एकमेकांना भिजवत होती. आमच्या काचेवर पाण्याच्या धारा, आणि आत पोराचे ओठ कोरडे. अखेर सासूबाईंनी काच खाली केली, पंचा बाहेर धरला, भिजवून घेतला आणि नातवाच्या अंगावर घातला. तो सबंध दिवसातला एकमेव शहाणपणाचा निर्णय होता.

हॉस्पिटलमध्ये पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड मागितलं, त्यात काही गैर नाही. डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला: शेवटची शू कधी केली? आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. त्याला पोहण्याचा डायपर घातला होता. तो शी अडवतो, शू धरूनच ठेवत नाही. त्यामुळे जड झालाय की कोरडा, यावरून काहीच कळत नाही. सकाळपासून त्याने शू केली की नाही, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

उष्माघातापर्यंत गेलं नव्हतं, त्याच्या अलीकडे थांबलं. गार खोली, ओल्या पट्ट्या, पंखा आणि सिरिंजने दर दोन मिनिटांना ५ मिली ओआरएस. सलाईन लागलं नाही. एकदम वाटीभर पाजलं तर उलटतं, थेंब थेंब राहतं. चार वाजता डायपर ओला झाला तेव्हा सासूबाई हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये येऊन मोठ्याने मराठीत ती बातमी सांगून गेल्या.

तर ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. रात्रीच्या विमानाने वाचलेले पैसे आदल्या रात्रीपासूनची खोली घेण्यात घाला, किंवा दुपारी उतरणारं विमान बघा. मुलांचं घड्याळ पहिले दोन दिवस आपलंच असतं. तिथे साडेआठला उठतात, नाश्ता होईतो दहा वाजतात, आणि सगळे भारतीय आईबाप साडेदहाला वाळूत. दहानंतर चारपर्यंत आतच राहा. सकाळी सहाला, मुलांना उचलून न्यावं लागलं तरी, किनाऱ्यावर जा. तेव्हा वाळूही पायाला भाजत नाही. थोरलीला आम्ही क्रीम लावलं होतं, पण पाण्यात खेळताना ते निघून गेलं आणि तिचे खांदे व गुडघ्यामागची कातडी सोलली. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा आपला एक गोड गैरसमज. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा क्रीमपेक्षा भरवशाचा.

ओआरएस, थर्मामीटर, सिरिंज, विमा कंपनीचा नंबर हे सगळं अंगावरच्या पिशवीत. पाकीट किती पाण्याचं ते बघून तेवढ्याच पाण्यात कालवा, पाणी बाटलीचं. थोडं दाट केलं म्हणून जास्त गुण येत नाही, उलट अपाय होतो. शहाळं चांगलं, पण त्यात मीठ कमी असतं. ते ओआरएसची जागा घेत नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच साधा डायपर चढवा आणि ओले डायपर मोजा. सहा तास कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी नसलं किंवा पोर सुस्त पडलं तर वाट बघू नका. १६६९ हा तिथला रुग्णवाहिकेचा नंबर. जेवणाचं फार मनावर घेऊ नका. 'जोक' नावाची तांदळाची पेज मिळते, बिनमांसाची मागून घ्या. आमच्या धाकट्याने तीन दिवस मऊभात समजून खाल्ली. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरची बाटली लावलेली दिसली तर ती जेलीफिश डसल्यावर ओतायची असते. थोरलीला तो खांब दाखवून ठेवला होता, सुदैवाने लागला नाही.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला. मे महिन्यात बालीला चाललेत, मुलगी दोन वर्षांची. तिथे घड्याळ अडीच तास पुढे. त्यांनी समुद्राजवळचं चांगलं हॉटेल कसं निवडायचं ते विचारलं. मी विचारलं, विमान किती वाजता उतरतं?