मोह वेचायला जाताना अंगावर काय घालशील

पोरी, तुझं माहेर गोंदिया शहरातलं. फागुनातली आमच्या चिचगडची पहाट तुला ठाऊक नाही. दुपारी बाजारात माणसं सावली शोधत फिरतात आणि त्याच दिवशी पहाटे मोहाच्या झाडाखाली अंगावर शहारा येतो. म्हणून एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं सगळं तिच्यामागून येतं. पहाटेच्या गारव्याकडे बघून कपडे घालू नकोस. दहा वाजताचं ऊन आणि वाटेतली झुडपं डोळ्यांपुढे आण आणि मग घाल.

घरून निघताना थोडं कुडकुडायलाच हवं. मोहापर्यंत आपण झपाझप चालतो. निघतानाच शाल लपेटलीस तर पोचेपर्यंत आतलं कापड घामाने ओलं होतं, आणि मग झाडाखाली उकिडवं बसलं की तोच घाम पाठीला गार लागतो. मोहफुलं रात्रभर आणि उजाडेपर्यंत टपटपत राहतात, त्यामुळे एकदा बसलं की बराच वेळ उठणं नसतं. चालताना कमी, बसल्यावर जास्त, ऊन चढलं की पुन्हा कमी, असा क्रम ठेव. शाल टोपलीत घालून ने आणि तिथे पोचल्यावर घे.

ही रीत माझ्या वडिलांच्या पिढीची. ती माणसं पारधीला जायची. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध संपली. संपली ते योग्यच झालं, रानात उरलंय काय तेवढं? पण रानात अंगावर काय असावं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यातलं अर्धं मी तसंच घेतलं आणि अर्धं मुद्दाम उलटं केलं.

तसंच घेतलेलं आधी सांगते. सगळ्यात आत पातळ, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड घाल. नवं जाड सुती घाम धरून ठेवतं, जुनं विरळ लवकर वाळतं. त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही. पण हा स्वेटर बाहेर दिसता कामा नये, तो सदऱ्याच्या आत हवा. शहरातल्या मुली उलटं करतात, आणि पहिल्याच ऐरोणीच्या जाळीत लोकरीचे धागे निघतात. सगळ्यांवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा, सैलसर सदरा. तुझ्या आजेसासऱ्यांचे दोन ठेवलेत मी पेटीत, ते घे. लुगड्यावर सदरा घालायची लाज वाटू देऊ नकोस, इथल्या सगळ्या बाया मोहाला आणि तेंदूला तशाच जातात. कापड घट्ट विणीचं, जाडसर ड्रिलसारखं असावं. मनगटाची बटणं लाव, गळ्याचंही लाव.

घट्ट विणीचं का, तेही ऐक. कुसळी गवताच्या दाण्याला टोकाला उलटे काटे असतात आणि मागे पीळदार शेपटी. हवेतल्या ओलाव्याने ती शेपटी पीळ सोडते, वाळली की पुन्हा वळते, आणि तसं वळता-वळता दाणा कापडात खोल शिरतो. पहाटेचं दव आणि नंतरचं ऊन दोन्ही त्याच्या कामी येतं. विणलेल्या लोकरीत किंवा मऊ केसाळ जाकिटात तो गेला की सुईने काढावा लागतो. घट्ट, गुळगुळीत कापडावरून बहुतेक घसरून जातो. खाजकुहिलीच्या शेंगाही या दिवसांत वाळलेल्या असतात. तिची सोनेरी लव कापडाला लागली तर चोळू नकोस, वरचा सदरा तेवढा उतरव आणि घरी वेगळा धू. वरचा थर सुटा असण्याचा हा फायदा.

आपल्याकडचं रान तू गाडीतून पाहिलंस तसं सगळं साग-बांबूचं नाही. गावालगत मुरमाड जमिनीवर बोर, चिलाटी, ऐरोणी, घाणेरी असली खुरटी दाटी आहे. सरकारी कागदावर तिला ‘झुडपी जंगल’ म्हणतात. पूर्व विदर्भात अशा जमिनींचा वाद वर्षानुवर्षं चालला आणि 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वनच मानायचं असं सांगितलं. आपल्यासाठी या खुरट्या दाटीचा अर्थ असा, की मोठ्या रानात पोचायच्या आधीच पाय फाटतात. लुगड्याचा काष्टा घट्ट घाल, नाहीतर सलवार घालून वर गुडघ्यापर्यंत लांब मोजे ओढ. मोजे सलवारीच्या वर हवेत, म्हणजे गोचीड आत चढत नाही. पायात बंद बूट, चप्पल अजिबात नाही. पाचोळ्यात घोणस पडून असली तर दिसत नाही. पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलव.

आता जे मी उलटं केलं ते. पारधी माणूस रानात विरघळून जायचा, कुणाला दिसू नये, ऐकू येऊ नये असा. आपण दिसलं पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. अस्वलाला मोहफुलं फार आवडतात. ते खाण्यात गुंग असलं की माणूस जवळ आलेला त्याला कळत नाही, आणि मग दचकून अंगावर येतं. म्हणून बोलत चला, झाडाजवळ जाण्याआधी हाक द्या. आणि कान झाकू नकोस. थंडी वाजते म्हणून पोरं कानटोपी ओढतात, ते मला पटत नाही. वाळलेल्या सागाच्या पानावर पाय पडला की आवाज होतो, आणि तो ऐकायला कान मोकळे हवेत. सळसळणारं प्लॅस्टिकचं जाकीट याच कारणाने नको, त्याचाच आवाज होत राहतो. शिवाय काही जण अजून मोहाखालचा पाला जाळतात. जाळू नये, त्यानेच रान पेटतं. पण शेजारच्या झाडाखाली कुणी जाळला असेल तर ठिणगी उडते. सुती कापडाला भोक पडतं, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

रंगाचं म्हणशील तर डोक्यावर लाल नाहीतर केशरी दुपट्टा घे. हरणाला लाल-केशरी रंग नीट ओळखता येत नाही, माणसाला लांबून दिसतो. अमेरिकेत कित्येक राज्यांत शिकाऱ्यांनाच झगझगीत नारिंगी घालावं लागतं, ते एकमेकांना दिसावेत म्हणून. आपल्या बायांनाही एकमेकींची डोकी दिसत राहिली पाहिजेत. वाकलेलं माणूस झुडपात हरवतं, आणि नवेगाव-नागझिरा 2013 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाल्यावर तर आपण एकटं-दुकटं जायचे दिवसच राहिले नाहीत. बाजारात मिळणारे हिरवे चट्ट्यापट्ट्याचे लष्करी वाटणारे कपडे मात्र माझ्या नातवाला घेऊ देऊ नकोस. देवरी-सालेकसाचा हा पट्टा वर्षानुवर्षं नक्षलप्रभावित म्हणून ओळखला गेला. असल्या कपड्यात झुडपाआड हलणारा माणूस कुणाला काय वाटेल, सांगता येत नाही.

ऊन वर आलं की आधी शाल काढ, मग सदरा क्षणभर उतरवून आतला स्वेटर काढ आणि सदरा पुन्हा घाल. तो मात्र शेवटपर्यंत अंगावर ठेव, कितीही उकडलं तरी. परतीच्या वाटेवरचे काटे कमी झालेले नसतात, आणि दमलेलं माणूस पाय जपून टाकत नाही. काढलेला स्वेटर टोपलीत फुलांवर ठेवू नकोस. फुलांचा चिकट रस लागला की मुंग्या मागे लागतात. कमरेला बांध.

मे महिन्यात तेंदूपत्त्याला जाशील तेव्हा स्वेटर-शाल घरी राहील, आतलं पातळ सुती आणि वरचा सदरा तेवढाच. 70 पानांचा एकेक पुडा बांधताना बाह्या वर करायचा मोह होतो, करू नकोस. उन्हापेक्षा काट्यांनी हात जास्त सोलतात.

घरी आल्यावर कपडे अंगणातच झटक, उलटे करून उन्हात टाक आणि शिवणींत गोचीड आहे का ते बघ. मनगटाची शिवण आधी उसवते. ती त्याच दिवशी दोन टाके घालून घे, दुसऱ्या पहाटे अंधारात सुईत दोरा ओवायला वेळ मिळत नाही.