मत्स्यालय का गुणगुणते?

घरातील मत्स्यालयाची गुरगुर दिवसा फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. रात्री कूलर बंद झाला, घर शांत झाले, की तोच आवाज मोठा वाटू लागतो. मग कोणीतरी उठून सरळ पंपाचे बटण बंद करते. खानदेशच्या उन्हाळ्यात हा उपाय माशांच्या जिवावर बेतू शकतो.

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३५ अंशांना सुमारे ७ मिलिग्रॅमच. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पेटीतले पाणीही चांगलेच तापते. शिवाय फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू माशांच्या मलातून येणारा विषारी अमोनिया नाहीसा करतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. तेव्हा पंप चालूच ठेवून आवाज कमी करायचा आहे.

प्रथम मोठा आवाज कोणता ते शोधा. ४० डेसिबलचे दोन आवाज एकत्र आले, तर बेरीज ८० होत नाही. ती ४३ होते. आणि ५० डेसिबलच्या शेजारचा ४० डेसिबलचा आवाज बंद केला, तरी कानाला फरक जवळजवळ कळतच नाही. म्हणून लहान आवाजामागे लागून उपयोग नाही.

हवेचा पंप कोरड्या हाताने टेबलावरून किंचित उचला. गुरगुर एकदम कमी झाली, तर दोषी टेबल आहे! प्रयोगशाळेतला नादकाटा आठवा. हातात धरल्यास तो जेमतेम ऐकू येतो. दांडा टेबलावर टेकवताच खणखणीत वाजतो, कारण टेबलाचा मोठा पृष्ठभाग भोवतालच्या पुष्कळ हवेला हलवतो. पंपात विद्युत्‌चुंबकासमोर एक दांडी असते. तिच्या टोकाला छोटा चुंबक असतो आणि तिला रबरी पडदा जोडलेला असतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून दांडीही सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. हीच कंपने टेबलात उतरतात.

आता पंपाखाली मऊ स्पंज ठेवा. समजा, पंपाच्या वजनाने तो अर्धा सेंटिमीटर दबला. स्पंज आदर्श स्प्रिंग मानला, तर त्यावर पंपाची स्वतःची कंप्रता सेकंदाला सुमारे ७ येते. ५० ही संख्या ७ च्या सुमारे सातपट आहे, आणि सातचा वर्ग सुमारे ५०. म्हणून कंपनांच्या जोराचा सुमारे पन्नासावा भागच टेबलापर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षात स्पंज इतका आदर्श नसतो, पण फरक कानाला स्पष्ट कळतो. मात्र पंप कापडात गुंडाळू नका, तो तापेल. तो पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. नाहीतर वीज गेल्यावर पेटीतले पाणी नळीवाटे उलटे पंपात येऊ शकते.

पंप उचलूनही आवाज तसाच राहिला, तर दोष पडणाऱ्या पाण्याचा. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. पांझरा नदी खडकांवरून वाहताना खळखळते आणि डोहात गप्प होते, ते का? पाणी आपटताना हवेचे बुडबुडे आत कोंडले जातात आणि प्रत्येक बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत नाद करतो. डच शास्त्रज्ञ मिनार्ट यांनी १९३३ साली याचे गणित मांडले. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे १,१०० कंपने करतो. १ मिलिमीटरचा त्याच्या तिप्पट.

पाणी कमी उंचीवरून पडले, तर बुडबुडे कमी कोंडले जातात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पेटीतले पाणी झपाट्याने वाफ होऊन उडते, पातळी खाली जाते आणि फिल्टरची धार अधिक उंचावरून पडू लागते. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून, मग ते घालून पातळी भरून काढा. पृष्ठभाग हलता राहू द्या, कारण हवेतला प्राणवायू तेथूनच आत जातो. पण धार आपटू देऊ नका.

आता एक प्रयोग तुमच्यासाठी. तोच पंप प्लायवूडच्या पोकळ कपाटावर, शहाबादी फरशीवर आणि स्पंजावर ठेवून ऐका. कोठे सर्वांत मोठा आवाज येतो आणि का, ते वहीत लिहा. नादकाटा लक्षात असेल, तर उत्तर अवघड नाही.