स्त्रीबीजं गोठवायला जाण्याआधी

अडतिसाव्या वर्षी मी स्त्रीबीजं गोठवून घेतली. पुढे लग्न झालं, ती बीजं वापरली, पण मूल झालं नाही. आज ओळखीतल्या कितीतरी मुली हा विचार करताहेत. त्यांच्या आया दबक्या आवाजात माझ्याकडे चौकशी करतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट वयाची. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयात दहा ते वीस लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि नव्यानं भर पडत नाही. पस्तिशीनंतर ती झपाट्यानं घटतात, शिवाय उरलेल्यांत गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. गोठवल्यानं बीजाचं वय तिथेच थांबतं, मागे जात नाही. माजी मिस वर्ल्ड डायना हेडनला 2016 मध्ये गोठवलेल्या बीजापासून मुलगी झाली, ती बातमी खूप गाजली. बीजं गोठवली तेव्हा ती चौतीस वर्षांची होती, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

माझ्या रक्तातलं एएमएच हे संप्रेरक चांगलं आहे, म्हणजे काळजी नाही, असं मला क्लिनिकमध्ये सांगितलं होतं. ही तपासणी साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज देते. ती किती निरोगी आहेत, हे त्यातून कळत नाही. निर्णय घेण्याआधी हा फरक समजायला हवा होता.

दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, शेवटच्या इंजेक्शननंतर सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन सुईनं बीजं काढणं, इतकं सगळं सोसता येतं. मात्र त्या दिवसांत किंवा नंतर पोट फार फुगलं, वजन एकदम वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर तातडीनं डॉक्टरांना गाठा. अंडाशयं औषधांना जास्त प्रतिसाद देत असल्याची ती खूण असू शकते.

खरी गळती त्यापुढची. काढलेली सगळी बीजं परिपक्व नसतात. जी असतात ती उणे 196 अंशांवर द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. बाहेर काढताना त्यातली काही जातात, काहींचं फलन होत नाही, फलन झालेल्यांतले काही गर्भ वाढत नाहीत. माझा आकडा प्रत्येक पायरीवर खाली आला. अखेर गर्भपिशवीत सोडायला एकच गर्भ उरला, आणि तो रुजला नाही.

म्हणून क्लिनिकमध्ये हे विचाराच: माझ्या वयाच्या किती बायकांची बीजं तुम्ही गोठवलीत, त्यांतल्या किती जणी ती वापरायला परतल्या आणि किती जणींच्या घरी पाळणा हलला? पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का? दरवर्षीचं साठवणीचं भाडं किती? बीजं वापरताना वेगळा खर्च किती? उत्तरं लेखी मागा. क्लिनिक 2021 च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, ते पाहा. या कायद्यात लग्नाची अट नाही, एकवीस वर्षांवरील स्त्री हे उपचार घेऊ शकते. पण साठवणीची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं आहे आणि स्त्रीला हे उपचार पन्नाशीपर्यंतच मिळतात.

कॅन्सरच्या उपचारांना सामोरं जाणाऱ्या मुलींनी तर केमोथेरपी सुरू होण्याआधीच डॉक्टरांपाशी हा विषय काढावा. बाकीच्यांनी विचार करायचाच असेल तर पस्तिशीच्या आत करावा. आणि जोडीदार आहे, मूल हवं आहे, तब्येत साथ देते आहे, तर केवळ बीजं गोठवलेली आहेत म्हणून पुढे ढकलू नका. गोठवलेली बीजं ही एक जास्तीची संधी आहे, बाळाची हमी नाही.