नाशिक–नागपूर विमानाने: तिकीट काढण्याआधी हे बघा

नाशिकचा विमानतळ ओझरला आहे. ओझर ते नागपूर हवाई अंतर सुमारे ५४५ किलोमीटर. या आकड्यावरून वेळेचा हिशेब करू नका. लहान एटीआर विमान असेल तर दीड ते पावणेदोन तास धरा. पण खरा वेळ जमिनीवर जातो. नाशिकहून ओझरला पाऊण तास, उड्डाणाच्या दीड तास आधी हजेरी, उतरल्यावर बॅग आणि शहरापर्यंतची रिक्षा. घर ते घर पाच-साडेपाच तास होतात. समृद्धी महामार्गाने आठ तास लागतात, विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर.

विमान रोज आहे का, हे आधी तपासा. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यापुढच्या तारखेचं परतीचं तिकीट काढताना जपून.

टर्मिनल ओझर गावात नाही, जानोरीच्या बाजूला आहे. रिक्षावाल्याला तसं स्पष्ट सांगा. परतताना तिथे गाडी मिळेलच असं नाही, म्हणून आधीच ठरवून ठेवा. नागपुरात मात्र वर्धा रोडवर मेट्रोचं विमानतळ स्टेशन आहे. टर्मिनलपासून तिथवर रिक्षा करा, पुढे सीताबर्डीपर्यंत मेट्रो स्वस्त पडते.

कागदपत्रं: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट, यांपैकी एक. डिजिलॉकरमधलंही चालतं; व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळायला हवं. दोन वर्षांखालच्या बाळाचा जन्मदाखला सोबत असू द्या.

आता पैसे. पहिल्या पानावर दिसतं ते भाडं शेवटच्या पानावर राहत नाही. सोयीचं शुल्क माणशी, प्रत्येक फेरीला लागतं आणि तिकीट रद्द केल्यावर परत मिळत नाही. विमा, जेवण, ‘लवकर चेक-इन’ यांच्या खुणा आधीच टिक केलेल्या असतील तर काढून टाका. वेब चेक-इन करताना पैशांच्या जागा समोर नाचवतात. जागा निवडू नका, कुठली तरी फुकट मिळतेच. काउंटरवर बोर्डिंग पाससाठी पैसे मागितले तर देऊ नका. २०२२ मध्येच केंद्राने ते बंद केलं आहे.

इंडिगोत साधारण १५ किलो सामान आणि ७ किलोची हातातली बॅग चालते. जास्तीचं वजन घरूनच ऑनलाइन घ्या, काउंटरवर किलोमागे दर चढा असतो. एटीआरमध्ये वरचा कप्पा छोटा, त्यामुळे मोठी ट्रॉली दारातच काढून घेतात. औषधं, दागिने, चार्जर त्यात ठेवू नका.

चौघं असाल तर गाडीचा हिशेब करून बघा. समृद्धीचा टोल मोटारीला किलोमीटरमागे सुमारे दोन रुपये, म्हणजे एका बाजूने हजार-बाराशे, वर इंधन. विमानाची चार तिकिटं बहुधा याहून महागच. एकट्याने कामासाठी जायचं असेल तर मात्र विमान घ्या.

तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. ते आपोआप येईल याची वाट बघू नका, मागा. विमानाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता, सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, हा तुमचा हक्क आहे. कंपनीने दाद दिली नाही तर केंद्राच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करा. पैसे लागत नाहीत, फक्त पीएनआर आणि बोर्डिंग पास हाताशी ठेवा.