वीट, किळस आणि शिसारी

'वीट' आणि 'किळस' हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. पण ते एक नव्हेत. आमचा हातकणंगले भाग उसाचा, म्हणून दृष्टान्त गुऱ्हाळाचाच घेऊं. चार दिवस रस, काकवी, गरम गूळ पोटभर खाल्ला की पाचव्या दिवशी त्याचा वाससुद्धा नको होतो. हा वीट. त्याला आधी गोडी लागते. खेड्यातली मंडळी 'ईट आला' म्हणतात, आणि विठोबाच्या पायांखालची तीही 'ईट'च! पण हा पुल्लिंगी, ती स्त्रीलिंगी. ती संस्कृत 'इष्टका' शब्दापासून आलेली.

किळसेला गोडीची गरज नाही. रसात मेलेले झुरळ दिसले की पहिल्या नजरेसच मन मागे सरते. अंगावर काटा येऊन पोट ढवळले, की ती शिसारी.

संस्कृतात या भावाला जुगुप्सा म्हणतात. बीभत्स रसाचा तो स्थायीभाव. कात्यायनाच्या वार्तिकाप्रमाणे जिच्याविषयी जुगुप्सा वाटते तिची पंचमी होते, आणि वैयाकरणांचे नेहमीचे उदाहरण पापाचे आहे. पापापासून मागे सरावयाचे. मराठीत आपण षष्ठी लावतो, 'घाणीची किळस येते' म्हणतो. इतके ठीक. पण घाणीची म्हणतां म्हणतां ती उपसणाऱ्याची किळस केव्हां येऊं लागते, ते कळतही नाही. आषाढीनंतर चंद्रभागेचे वाळवंट झाडणाऱ्याच्या हातून पाणी प्यावयास किती माळकरी पुढे होतील?

सर्व भूते आपल्यांत पाहणाऱ्याला जुगुप्सा उरत नाही, असे ईशोपनिषद् सांगते. आणि आपल्या पंढरीचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणान्तिक उपोषण करावे लागले! चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे. आपण तिच्यावरूनच दर्शनाला जातो. दार अडविणारी ती जुगुप्सा पापाची नव्हती, माणसाची होती.

कीर्तनातही हा शब्द जपून वापरावा. 'संसाराची किळस धरा' असे पुष्कळदा कानीं येते. आम्हांस तो प्रयोग रुचत नाही. विषयांचा वीट म्हणावे. भोगून झालेल्याला तो येतो, त्यांत कोणाची निंदा नाही. पण किळस? समोर बायाबापड्या लेकरे मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. त्यांचा संसार म्हणजे तीच लेकरे ना?