कर्करुग्णाजवळ राहणाऱ्याची प्रकृती कशी मोजावी?

कर्करुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाची झोप, भूक, अंगदुखी, मनःस्थिती, कामधंदा, नातीगोती आणि पैशाची ओढाताण या सगळ्यांचा एकत्र विचार म्हणजे त्याच्या जीवनाच्या गुणवत्तेचे मोजमाप. रुग्णाच्या फाइलमध्ये रक्ताचे अहवाल आणि वजन असते. त्याच्याजवळ बसलेल्या बायकोबद्दल किंवा मुलाबद्दल एक ओळही नसते. ही मोठी उणीव आहे. १९९९ साली शुल्झ आणि बीच या अमेरिकी संशोधकांनी आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार कोणताही असो, ज्यांना सेवेचा ताण जाणवत होता त्यांच्यात चार वर्षांतील मृत्यूचा धोका अशी सेवा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी परिसरात हा ताण कसा साचतो, हे तोंडाच्या कर्करोगावरून समजते. खर्ऱ्यामुळे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे, तो विदर्भात घरोघरी माहीत झाला आहे. तपासणी यवतमाळला झाली, तरी पुढच्या उपचारांसाठी बहुतेकांना नागपूर गाठावे लागते. रेडिएशन, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘शेक’, आठवड्यातून पाच दिवस आणि बहुधा सहा ते सात आठवडे चालतो. तेवढे दिवस घरचे एक माणूस नागपुरातच अडकते. तोंडाने गिळता येत नसेल तर रुग्णाच्या नाकात नळी असते. दर दोन-तीन तासांनी पातळ अन्न गाळून घ्यायचे, रुग्णाला उशीला टेकवून बसवायचे, नळीतून सावकाश सोडायचे आणि मग पाणी घालून नळी साफ करायची. रात्री खोकला आला की उठायचे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा खर्च भागतो. पण भाडे, खोली, जेवण आणि बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. त्यात कापूस वेचणीचे दिवस आले, तर शेत वाऱ्यावर सोडल्याची टोचणी वेगळी.

या अवस्थेचे मोजमाप प्रश्नावलीने होते. कर्करुग्णांच्या नातेवाइकांसाठीच बनवलेली प्रश्नावली वाइट्झनर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली. तिच्यात ३५ विधाने आहेत. गेल्या सात दिवसांना धरून प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे. तिची चार अंगे आहेत: सेवेचा भार, दिनक्रमाचा विस्कळीतपणा, पैशाची चिंता आणि चौथे अंग चांगल्या बदलांचे: नाते जवळचे झाले का, श्रद्धेचा आधार मिळतो का. हे चौथे अंग महत्त्वाचे आहे, कारण अनेकांना सेवेतून समाधानही मिळते आणि ते खरे असते. मात्र पैशाच्या अंगाला मोजकी तीनच विधाने आहेत. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरासाठी ती अपुरी पडतात; तिथे कर्ज, मोडलेला दागिना, मुलाची थांबलेली शाळा यांबद्दल वेगळे विचारलेच पाहिजे.

याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली कोणत्याही माणसासाठी चालते. झारिट यांची २२ प्रश्नांची भारमापन-पट्टी मुळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी होती; आता ती कर्करोगातही वापरतात. कामाच्या गर्दीत १३ हो-नाही प्रश्नांची ताण-सूची सोयीची. तिच्यात सात किंवा अधिक ‘हो’ आले, तर ताण जास्त समजावा.

आकड्यापेक्षा विचारण्याची रीत अधिक जपावी लागते. रुग्णासमोर विचारले तर “मले काय झालं? मी बरी हाओ” हेच उत्तर येते. म्हणून रुग्ण आत शेक घेत असताना, बाहेर बाजूला बसवून विचारावे. वाचता येत नसेल तर प्रश्न वाचून दाखवावा, पण उत्तर सुचवू नये. “त्रास होतो का?” असे मोघम विचारण्यापेक्षा रात्री कितीदा उठावे लागले, स्वतःची बीपी-शुगरची गोळी चुकली का, शेवटचे निवांत जेवण कधी झाले, असे नेमके विचारावे. एकाच मोजणीवर निष्कर्ष काढू नये. उपचार सुरू होताना, मध्यावर, घरी परतल्यावर आणि आजार उलटल्यास पुन्हा विचारावे. एकूण गुण ठीक दिसत असले, तरी झोप किंवा पैसा या एकाच अंगात माणूस कोसळलेला असू शकतो; त्यामुळे प्रत्येक अंग वेगळे पाहावे.

घरच्या घरी दोन प्रश्न पुरेसे सूचक ठरतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असे किती दिवस झाले, आणि मन खिन्न किंवा निराश किती दिवस होते? प्रत्येकाला ० (एकही दिवस नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण. बेरीज तीन किंवा अधिक झाली तर डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या माणसाला एकटे सोडू नये.

मोजमापानंतर कृती व्हावी, नाहीतर ते विचारूच नये. झोपेचे गुण वाईट असतील तर आठवड्यातून दोन रात्री दुसऱ्या कोणीतरी जागायचे. हे काम नेहमी सुनेवर किंवा बायकोवर पडते. ते भावांनी वाटून घ्यावे. रुग्णाच्या वेदना आटोक्यात आल्या की सोबत्याची झोपही सुधारते, म्हणून वेदनाशामक उपचार वेळेवर मागावेत. प्रवासात महिलांना एसटीत निम्मे भाडे लागते, आणि रेल्वेत कर्करुग्णाबरोबर जाणाऱ्या एका सोबत्यालाही सवलत असते. सोबती स्वतः खर्रा खात असल्यास त्याने तीच वेळ साधून आपले तोंड तपासून घ्यावे. न भरणारी जखम, पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणे लपवू नये.

रुग्ण दगावल्यावरही ही विचारपूस थांबवू नये. दुःख स्वाभाविक असते; पण सहा महिन्यांनंतरही माणूस कामाला लागू शकत नसेल आणि तीव्र ओढ किंवा अपराधी भावना रोज छळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.